झाकणांवरचं अक्षर

लाल पेन्सिलीचं टोक कागदातून आरपार गेलं, खालच्या टेबलक्लॉथला टोचलं, आणि त्याला ते पत्र आठवलं.

आठवलं म्हणणंही खोटंच होतं. अठरा वर्षांत तो ते पत्र विसरला कधी होता? एका पानाचं, निळ्या शाईतलं, दोन्ही बाजूंना नीट समास सोडून लिहिलेलं. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं, असं तो स्वतःला सांगत आला होता. जसे दोरीवरचे कपडे आत आणायचे राहून जातात, तसं.

समोर छपाईची मुद्रितं पसरली होती. साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून संस्था गौरवग्रंथ काढत होती आणि त्यात पहिला लेख त्याचा होता. साहेबांच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेला जुना सहकारी दुसरा कोण होता? लेखाबद्दल त्याची तक्रार नेहमीचीच होती, आपल्याला लिहिता येत नाही ही. पण लेखाच्या खाली संपादकाने एक चौकट टाकली होती. 'प्रयोगशाळेतल्या गमती'. त्यातली तिसरी गंमत अशी:

'मुंगी होणे: नळ्यांची अदलाबदल होणे. आमच्याकडे मुंगी या नावाने ओळखली जाणारी एक विद्यार्थिनी होती. तिने एकदा दोन नळ्या अशा काही बदलल्या, की साहेबांना भरसभेत तोंडघशी पडावं लागलं आणि मोठा शोध दोन वर्षं लांबला. तेव्हापासून नळ्या बदलल्या की आम्ही म्हणतो, मुंगी झाली. (मास्तरांनी सांगितलेली आठवण.)'

मास्तर म्हणजे तो. पुस्तकातल्यासारखं बोलतो, साध्या गोष्टीलाही आधी प्रस्तावना जोडतो, म्हणून प्रयोगशाळेने त्याला ते नाव ठेवलं होतं. आणि मुंगी सगळ्यांच्या आधी यायची, अंगापेक्षा मोठं काहीतरी उचलून लगबगीने चालायची, म्हणून तिला ते. त्याचं नाव त्याच्याबरोबर निवृत्त झालं. तिचं मात्र ती गेल्यावरही तिथेच राहिलं, क्रियापद होऊन.

"कागदाने काय घोडं मारलंय तुझं?" ताईने विचारलं.

ताई त्याची थोरली बहीण. चाळीस वर्षं इस्पितळात वॉर्डाची सिस्टर होती. दोघं एकेकटी पडल्यावर सहा वर्षांपूर्वी ती एक बॅग आणि स्वतःचा स्वभाव घेऊन त्याच्याकडे राहायला आली होती. तिने कागद उचलला, हात लांब धरून चौकट वाचली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"हे तू सांगितलंस?"

"संपादक फोनवर विचारत होता, हा शब्द आला कुठून म्हणून. तो हसत होता. मग मीही हसलो."

"आणि आता पेन्सिल खुपसतोयस."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. ताईने खुर्ची ओढली.

"मला नीट सांग. पण प्रस्तावना नको."

"जिवाणू पेशीत शिरतो," तो म्हणाला. "आत गेला की त्याला पुढे सरकायचं असतं, शेजारच्या पेशीत जायचं असतं. पण हलायला त्याच्याकडे स्वतःचं काही नसतं. पेशीकडे ऍक्टिन असतं. बारीक कण, एकमेकांना जोडून त्यांचे धागे होतात. पेशी आपला आकार त्यावर सांभाळते, हलते त्यावर. तर या जिवाणूच्या एका टोकाला एक प्रथिन असतं. ते पेशीचं ऍक्टिन ओढून घेतं आणि जिवाणूच्या मागे त्याची शेपूट विणतं. शेपूट वाढत जाते तसा जिवाणू पुढे ढकलला जातो. भिंतीला धडकतो, भिंतीसकट शेजारच्या पेशीत घुसतो. बाहेर यायची गरजच नाही, त्यामुळे रक्तातल्या पहारेकऱ्यांना पत्ता लागत नाही."

"म्हणजे घर दुसऱ्याचं, विटा दुसऱ्याच्या, आणि फिरणार हा." ताई थोडी थांबली. "तो हाच का? आईला नुसती कणकण, आणि पोटातलं बाळ दोन दिवसांत जातं?"

"हाच."

"हं. बोल पुढे."

"ते प्रथिन एका जनुकामुळे तयार होतं. फक्त एका. ते काढून टाकलं तर जिवाणू पेशीत शिरतो, वाढतोसुद्धा, पण जागचा हलत नाही. हे साहेबांनी दाखवलं. त्यासाठीच हा ग्रंथ."

"जनुक काढलं कोणी?"

"तिने. मुंगीने. दोन वर्षं खपून. त्या काळात ते असं बटण दाबून होत नव्हतं."

मग त्याने पुढचं सांगितलं. एका सकाळी दोन्ही वाण, म्हणजे जनुक असलेला मूळचा आणि जनुक काढलेला, निरनिराळ्या पेशींवर सोडले. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. जनुक काढलेल्या जिवाणूंना शेपट्या फुटलेल्या दिसल्या आणि मूळचे जागच्या जागी ठिपक्यांसारखे पडून. सगळं उलटं. साहेबांना वाटलं, सगळ्यांच्या अंदाजाविरुद्ध काहीतरी सापडलं. मुंगी म्हणत होती, अजून दोनदा करून बघू द्या. पण पाच दिवसांवर मोठी सभा होती. साहेब तिथे उभे राहून म्हणाले, या जनुकाची शेपटीला गरज नाही. परत आल्यावर प्रयोग पुन्हा केला, तर सगळं अपेक्षेप्रमाणे सुलटं. नळ्यांची अदलाबदल झाली होती. तोवर दुसऱ्या एका प्रयोगशाळेने साहेबांची चूक जाहीर करून टाकली होती. लोक हसले. त्या आठवड्यात मुंगीला सामान उचलायला सांगितलं गेलं.

"आणि दोन वर्षांनी तिच्याच वाणावर शोधनिबंध लिहिला," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "तिच्या हाताने केलेला वाण. तिच्या पेटीतला. निबंधावर सहा नावं. माझंसुद्धा. तिचं नाही."

"चूक कोणाची होती?"

"साहेबांनी घाई केली. एकदाच केलेला प्रयोग घेऊन कोणी..."

"मी चूक विचारली," ताई म्हणाली. "घाई नाही विचारली."

तो उठला. आतल्या खोलीत जाऊन कपाटातला एक जाड खंड काढला, त्यातून ते पत्र घेतलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. बाहेर येऊन बूट घालू लागला.

"कुठे?"

"साहेबांकडे. ही चौकट काढायला सांगतो. शुक्रवारी छापायला जाणार आहे."

"फोन कर ना."

"फोनवर मला भांडता येत नाही."

"तुला कुठेच येत नाही," ताई म्हणाली. पण तिने छत्री काढून हातात दिली.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. त्याने पत्र उघडलं. वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं.

'आदरणीय सर,
त्या दिवशी मी पेशींच्या खोलीत होते. माझ्या नळ्या यंत्रातून कोणी काढल्या मला माहीत नाही. बर्फातून घेताना झाकणांवर एकेक अक्षर लिहिलेलं होतं. मी झाकणांवर कधीच लिहीत नाही. नंतर उरलेल्या नळ्यांची डबी शोधली, ती सापडली नाही. तुम्ही सगळ्यांचं अक्षर ओळखता. कोणाचं होतं ते तुम्हाला आठवत असेल तर कळवाल का? मला कोणाला काही म्हणायचं नाही. पण मी चुकले की नाही, एवढं मला माहीत असायला हवं. त्याशिवाय पुढे हातात नळी धरवत नाही.'

प्रयोगशाळेची रीत होती. नळ्या घुमवायचं यंत्र एकच. त्यात चार जणांच्या नळ्या एकदम लागायच्या. यंत्र थांबलं की जो जवळ असेल त्याने सगळ्यांच्या नळ्या काढायच्या, वरचं पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं आणि बर्फात ठेवून द्यायच्या. कोणी कोणाचे आभार मानायचे नाहीत. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं.

बस सिग्नलला थांबली. त्याने मनात वाक्यं जुळवायला घेतली. तुम्ही तिच्या जिवावर मोठे झालात. नको, फार नाटकी. तुमच्या अंगात स्वतःचं काही नव्हतं, आमचेच कण ओढून तुम्ही शेपूट विणलीत आणि पुढे गेलात. हे त्याला बरं वाटलं. आयुष्यभर ज्या जिवाणूकडे पाहत आलो तोच उपयोगाला आला, या विचाराने त्याच्या अंगावर एक कडवट शिरशिरी आली. मग लगेच संशय आला की हे फार सोपं आहे, कोणालाही सुचलं असतं. तरी ते त्याने ठेवून दिलं. रागाला काहीतरी हत्यार लागतंच.

प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. साहेबांची खोली त्या पलीकडे. यंत्राजवळ चष्मा लावलेली एक विद्यार्थिनी दोन नळ्या उजेडाकडे धरून उभी होती. शेजारचा मुलगा हसत होता.

"झाली ना मुंगी?"

"गप रे. नाही झाली." तिने मास्तरांना पाहिलं. ओळखलं नाही, पण वयाकडे बघून नळ्या खाली ठेवल्या. "कोणाला भेटायचंय, काका?"

"मुंगी म्हणजे काय?" त्याने विचारलं.

"काही नाही हो. आमच्या इथला शब्द आहे. नळ्या बदलल्या की म्हणतात. पूर्वी कोणी मुंगी म्हणून मुलगी होती म्हणे, एकदम वेंधळी. तिने साहेबांचं भरसभेत..."

"ती वेंधळी नव्हती."

आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. मुलगा हसायचा थांबला.

"तिच्या वह्या खालच्या कपाटात असतील," तो म्हणाला. "टाकून दिल्या नसतील तर. काढून बघा एकदा. तुम्ही जो वाण वापरता ना, शेपूट नसलेला, तो कसा केला ते त्यात आहे. पानापानावर. एकही ओळ खोडलेली नाही." त्याने छत्री दुसऱ्या हातात घेतली. "पुन्हा तो शब्द वापरू नका."

"सॉरी, काका," ती म्हणाली. तिला कशाबद्दल बोलणी बसली ते कळलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यामुळे त्याचा राग निवण्याऐवजी आणखी भडकला. तळपायापासून. याच रागात आत शिरायला हवं, नाहीतर नेहमीसारखं दारात विरघळून जाईल, हे त्याला ठाऊक होतं. त्याने दारावर टकटक केली नाही.

साहेब खिडकीपाशी बसले होते. निवृत्त होऊनही संस्थेने त्यांना ही खोली ठेवली होती.

"ये मास्तर. तुझा लेख वाचला. गोड लिहिलंयस रे. मी इतका चांगला आहे हे मला माहीत नव्हतं."

"ती चौकट काढायला सांगा."

"कुठली?"

"मुंगीची."

"अरे, गंमत आहे ती. मुलांना आवडते." साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि ती सांगितली तूच आहेस. बस तरी."

तो बसला नाही. बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरलं होतं. ते जिवाणूचं, शेपटीचं, सगळं. जे तोंडात आलं ते आलं.

"तिने दोन वर्षं खपून वाण केला. त्यावर तू निबंध लिहिलास. तिचं नाव नाही. शेवटच्या आभाराच्या ओळीतसुद्धा नाही. यंत्र दुरुस्त करणाऱ्याचं नाव आहे त्यात. तिचं नाही. ती सांगत होती, अजून दोनदा करू द्या. तुला सभा गाठायची होती. घाई तुझी, तोंडावर पडलास तू, आणि खापर फोडलंस एका मुलीच्या डोक्यावर. वर तिच्या नावाचा विनोद केलात. अठरा वर्षं हसताय."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती वर्षांनी मला अरेतुरे केलंस," ते म्हणाले.

ते दोघं कॉलेजात एका बाकावर होते. साहेब प्रमुख झाले त्या दिवशी त्याने आपणहून 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली होती. कोणी सांगितलं नव्हतं.

"घाई माझी होती," साहेब म्हणाले. "नाकारत नाही. त्याची शिक्षा मला मिळाली. दोनशे माणसं हसली. पण नळ्या बदलल्या होत्या की नाही? ज्या मुलीच्या नळ्यांवर भरवसा नाही तिचं नाव निबंधावर घातलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, हा वाण तरी खरा कशावरून? आणि उरलेल्या नळ्यांची डबी नाहीशी झाली होती. निर्दोष माणूस डबी कशाला नाहीशी करेल?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"मी तुला विचारलं होतं, मास्तर. याच खोलीत. तू सगळ्यांचं काम बघायचास. मी म्हटलं, ही असं करू शकेल का? काय म्हणाला होतास, आठवतं?"

त्याला आठवत होतं.

"काही म्हणाला नाहीस. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिलास. मला वाटलं, पोरीची लाज राखतोय. एक शब्द बोलला असतास ना, तर मी ठेवलं असतं तिला. मी चिडका असेन. पण मी तुझ्या शब्दावर चालत होतो, हे तुला माहीत नव्हतं का?"

हे त्याला माहीत नव्हतं. आपल्या शब्दाला वजन असेल, असं त्याला आयुष्यात कधी वाटलंच नव्हतं. तो खुर्चीत बसला. छत्री गुडघ्यांवर आडवी धरली.

"झाकणं माझी होती," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी यंत्र थांबलं तेव्हा मी जवळ होतो. तिच्या एका नळीला चीर गेली होती. म्हणून दोन्हींतलं नव्या नळ्यांत ओतलं. बाहेरून बर्फाचं पाणी लागलेलं, नळीवर पेन उमटेना. झाकण कोरडं होतं. झाकणांवर लिहिलं. एकावर 'मू', एकावर 'का'. मूळ आणि काढलेला. मग नवं पाणी घालायला झाकणं उघडून उलटी ठेवली. तेवढ्यात तुम्ही हाक मारलीत. काहीतरी संदर्भ हवा होता तुम्हाला, कोणत्या अंकात कोणतं पान. मी तिथूनच सांगितलं. सांगता सांगता झाकणं लावली."

साहेब ऐकत होते.

"तुम्ही सभेहून आलात, प्रयोग उलटला, तेव्हा मी ती डबी काढली. दोन्ही नळ्या तपासल्या. 'का' लिहिलेल्या नळीत मूळचा निघाला. माझंच अक्षर. मग डबी ऑटोक्लेव्हच्या वाफेत टाकली, आतलं सगळं मरेपर्यंत. वीस मिनिटं. नंतर कचऱ्यात."

"डबी तू टाकलीस."

"हो."

"आणि तिने तुला कधी विचारलं नाही?"

"पत्र लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही."

बाहेरच्या यंत्राचा आवाज वाढत वाढत एका पातळीवर येऊन थांबला. साहेब पुढे वाकले. मग अगदी हळू म्हणाले,

"आणि इतकी वर्षं राग माझ्यावर धरलास?"

राग होता, अजूनही होता. फक्त टेकवायला जागा राहिली नव्हती. बसमध्ये त्याने स्वतःला त्या बिचाऱ्या कणांत बसवलं होतं, ज्यांना कोणीही ओढून आपल्या मागे लावतो. पण कणांना तोंड नसतं. त्याला होतं. त्या तोंडाने त्याने संदर्भाचं पान सांगितलं होतं, गेल्या महिन्यात संपादकाला गंमत सांगितली होती, आणि मधल्या काळात जेवला होता.

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. आवाज कामाचा झाला.

"हे बघ. चौकट काढू. मी संपादकाला आत्ता फोन करतो, जागा कमी पडते म्हणून सांगतो. झालं. बाकी राहू दे. आता या वयात तुझं हसं, माझं हसं. तिलाही काय, ती तिच्या संसारात असेल. कशाला उकरायचं?"

तो हेच मागायला आला होता. नेमकं हेच. चौकट जाईल, कोणाला काही कळणार नाही, आणि घरी जाऊन ताईला सांगता येईल की भांडून आलो. साहेबांचा हात फोनकडे गेला होता. काही न बोलणं किती सोपं होतं. फक्त खिडकीतून बाहेर बघायचं.

"काढू नका," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"चौकट राहू दे. मी नवी लिहून देतो. नळ्या कोणी बदलल्या, डबी कोणी टाकली. आणि वाण कोणी केला."

"मास्तर, माझ्या गौरवग्रंथात?"

"तुमच्या गौरवग्रंथात. नाही छापली तर माझा लेखही काढा. मग मी दुसरीकडे छापीन. मला लिहिता येत नाही, पण एवढं येईल."

"तू धमकी देतोयस," साहेब म्हणाले. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

"हो," तो म्हणाला. त्यालाही वाटलं होतं.

दुपारी ताईला सगळं सांगितल्यावर टेबलाशी बसून त्याने चौकट लिहिली. ती एका बैठकीत झाली. पत्र होईना. पहिलं पान नुसती प्रस्तावना निघाली, ते फाडलं. दुसऱ्या पानात साहेबांची घाई आली, सभा आली, त्या काळी बर्फाला किती पाणी सुटायचं ते आलं. तेही फाडलं. तिसऱ्यात 'आपण' की 'तू' यावरच अडला. अखेर तिचं खरं नाव लिहिलं. मुंगी नव्हे. वहीच्या पुट्ठ्यावर ती लिहायची तसं पूर्ण नाव. आणि खाली चार ओळी.

ताई फोन हातात घेऊन आली. पत्रावरच्या नावाचा पत्ता शोधायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं, आणि वॉर्डात हरवलेले नातेवाईक शोधण्यात तिची हयात गेली होती.

"सापडली. रक्त-लघवी तपासायचं केंद्र चालवते, स्वतःचं. फोन केला मी."

"तू फोन केलास?"

"पेशंट म्हणून. म्हटलं, तपासणीला यायचंय, पत्ता सांगा. तीच बोलली. आवाज चांगला आहे, खणखणीत. पत्ता सांगितला, वेळ सांगितली." ताई थांबली. "आणि म्हणाली, नमुना घरून आणणार असाल तर बाटलीवर नाव लिहा. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात."

त्याने पेन खाली ठेवलं. चेहरा दोन्ही हातांनी झाकला. ताईने त्याच्या पाठीवर हातबित ठेवला नाही. तिने पत्र ओढून घेतलं आणि हात लांब धरून वाचलं.

'झाकणांवरचं अक्षर माझं होतं. नळ्या माझ्या हातून बदलल्या आणि डबी मी नाहीशी केली. तू चुकली नव्हतीस. तुझं पत्र आलं तेव्हाही मला हे माहीत होतं.'

"ही शेवटची ओळ कशाला?" ती म्हणाली. "एवढं तरी स्वतःसाठी ठेव. विसरलो होतो म्हण. वय झालं म्हण."

"ती काढली तर वरच्या तिन्ही खोट्या होतात."

ताईने पत्र परत दिलं. "माफी नाही मागितलीस."

"नाही."

तिने मान हलवली. ती पटल्याची होती की कीव आल्याची, ते त्याला कळलं नाही.

सकाळी पोस्टात तीन माणसं पुढे होती. त्याच्याजवळ दोन पाकिटं होती, एक संपादकाचं आणि एक तिचं. संपादकाचं त्याने पेटीत टाकलं. तिचं हातात धरून रांगेत उभा राहिला. एकदा खिशातली पत्त्याची चिठ्ठी उघडून पत्ता ताडून पाहिला, मग पुन्हा पाहिला. पाकीट आधीच चिकटवलेलं आहे हे बरं झालं, असं त्याला वाटलं. नाहीतर रांगेतच एखादा शब्द बदलला असता.

"साधं की रजिस्टर?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"रजिस्टर. पोचायला हवं."

त्यांनी पाकीट वजनाला ठेवलं, शिक्का उचलला, आणि शेजारच्या गठ्ठ्यातला एक गुलाबी कागद ओढला.

"पोचपावती जोडू? त्यांची सही होऊन परत तुमच्याकडे येते. म्हणजे मिळालं ते कळतं."

मागच्या माणसाने पाय बदलला. त्याने त्या गुलाबी कागदाकडे पाहिलं. सहीसाठी खाली एक रिकामी ओळ होती.

"नको," तो म्हणाला.

बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.